जुन्या घरातील पुढे आलेल्या खिडकीच्या जागी दोन झडपांचे काचेचे दार

साताऱ्यात सदर बझारच्या बाजूला अजून काही बैठी घरे अशी उभी आहेत, ज्यांच्या बागेकडच्या खोलीची खिडकी भिंतीच्या रेषेत न बसता दीड-दोन फूट बाहेर आलेली असते. समोर एक रुंद अंग, दोन्ही बाजूंना तिरकी दोन अरुंद अंगे, आत बसायला कट्टा आणि वर कौलांची किंवा पत्र्याची लहानशी उतरती पाखी, असे तिचे रूप असते. घरातली माणसे तिला कट्ट्याची खिडकी म्हणतात, आर्किटेक्ट तिला बे विंडो म्हणतात. अशा खिडकीच्या जागी थेट बागेत उतरता येईल असे दोन झडपांचे काचेचे दार, म्हणजे ज्याला फ्रेंच डोअर म्हणतात ते, बसवावे अशी इच्छा पुष्कळांना होते. जी मंडळी हे काम पहिल्यांदाच करणार आहेत आणि ज्यांना गवंड्याशी व सुताराशी काय बोलावे हे आधी समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः हे काम माझ्या घरी करून घेतले आहे आणि त्यात एक मोठी चूकही केली आहे. ती योग्य जागी सांगेन.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. खिडकीचे दार करायचे म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे भिंत पाडण्याचे दृश्य येते. परंतु खिडकीच्या पाटलीखालची भिंत घराचा भार घेत नाही, आणि ती काढणे हे दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे. खरी जोखीम त्या भिंतीच्या वर आणि खाली आहे. वर, जिथे लिंटेल, म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची आडवी पट्टी, छपराचा भार दोन्ही बाजूंना वाटून देते. आणि खाली, जिथे इतकी वर्षे अडीच फूट उंचीच्या भिंतीने थोपवलेले पावसाचे पाणी आता उंबऱ्यापाशी येऊन थांबणार असते. म्हणून पहिल्यांदा काम करणाऱ्याने जुन्या खिडकीची रुंदी तशीच ठेवावी, किंवा थोडी कमी करावी. ती वाढवण्याच्या मोहात पडू नये.

भिंत आणि तिच्यावरचा भार ओळखणे

काम ठरवण्यापूर्वी तीन ठिकाणचा गिलावा तळहाताएवढा खरवडून पाहावा: खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, बाजूला छातीच्या उंचीवर आणि पाटलीच्या खाली. आपल्याकडच्या जुन्या घरांत जोते काळ्या दगडाचे असते, त्यावर कधी पाटलीपर्यंत दगडच असतो आणि पुढे भाजक्या विटा किंवा भेंडे, म्हणजे पांढऱ्या मातीचे न भाजलेले ठोकळे, असतात. भिंतीची जाडी बहुधा दीड फूट, काही घरांत दोन फुटांहून अधिक असते. दोन विटांमधला सांधा नखाने उकरता आला तर जोडकाम मातीचे आहे. पांढरा, चाकूच्या टोकाला बधेल पण नखाला दाद न देणारा सांधा चुन्याचा असतो, आणि करडा, टणक असेल तो सिमेंटचा. मातीचे जोडकाम निघाले तर पुढचे प्रत्येक काम अधिक सावकाश आणि अधिक आधार देऊन करावे लागते, म्हणून ही पाहणी टाळू नये.

त्यानंतर लिंटेल काय आहे ते पाहावे. शेजारी शेजारी ठेवलेल्या सागवानी तुळ्या, अखंड दगडी पट्टी, विटांची कमान, लोखंडी गर्डर, आणि १९५० नंतरच्या घरांत सळ्यांचे काँक्रीट, यांपैकी काहीही सापडू शकते. लाकूड असेल तर जाड स्क्रूड्रायव्हर किंवा सुताराची पटाशी त्यात टोचून पाहावी. पाते लाकडात सहज शिरत असेल तर आत वाळवी किंवा कुज आहे आणि ते लिंटेल बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. लिंटेल दोन्ही टोकांना भिंतीत किती आत गेले आहे तेही मोजावे. नऊ इंच असेल तर समाधानकारक आहे, सहा इंचांपेक्षा कमी असेल तर अभियंत्याला दाखवल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आता एक साधी परीक्षा, जी मला एका वयस्कर सुताराने शिकवली. हॅकसॉचे सुटे पाते घ्यावे आणि खिडकीच्या चौकटीचा वरचा दांडा व लिंटेल यांच्यामधल्या सांध्यात ते सरकवून पाहावे. पाते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेले, तर लिंटेल स्वतःच्या बळावर उभे आहे. मध्येच अडकले आणि तिथला गिलावा काढल्यावरही अडकतच राहिले, तर लिंटेल वाकून चौकटीवर टेकले आहे असे समजावे. बे विंडोत दोन तिरक्या अंगांच्या सांध्यावर जे उभे खांब असतात, ते बांधताना केवळ चौकटीचा भाग म्हणून बसवलेले असले तरी पन्नास-साठ वर्षांत हळूहळू भार घेऊ लागतात. ते टेकू न देता काढले तर वरच्या भिंतीला त्याच दिवशी तडा जातो.

छपराकडेही नजर टाकावी. मंगलोरी कौलांचे छप्पर तुलनेने हलके असते, पण त्याची एखादी मुख्य तुळई नेमकी खिडकीच्या माथ्यावर येऊन टेकली असेल तर सगळा भार एका बिंदूवर पडतो. माळ्यावर चढून हे डोळ्यांनी पाहावे; खालून अंदाज बांधू नये. माण-खटावकडच्या माळवदाच्या घरात छपरावर मातीचा जाड थर असतो आणि त्याचे ओझे कौलांच्या कितीतरी पट असते. अशा घरात या लेखाच्या भरवशावर काहीही करू नये, संरचना अभियंत्यालाच बोलवावे.

भूकंपाचा विचार या जिल्ह्यात ऐच्छिक नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या घरांचे काय झाले, हे पाटण भागातल्या जुन्या माणसांना अजून विचारता येते. भिंतीतली प्रत्येक उघडी जागा भिंतीला दुबळी करते. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक ४३२६ मध्ये विटांच्या भारवाही घरांसाठी जी सर्वांत कडक मर्यादा दिली आहे, तिच्यानुसार एका भिंतीतील दारे-खिडक्यांची एकूण रुंदी एकमजली घरात त्या भिंतीच्या लांबीच्या निम्म्याच्या आत आणि दुमजली घरात ४२ टक्क्यांच्या आत असावी, आणि दोन उघड्या जागांमध्ये किमान ५६ सेंटिमीटरचा भिंतीचा पट्टा राहावा. दगड-मातीच्या भिंतीत दार कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर असावे. माझ्या घरी खिडकीपासून कोपरा जेमतेम सव्वा फुटावर होता. त्यामुळे त्या बाजूने नऊ इंच विटांचे बांधकाम वाढवून दार तेवढे आत घेतले, आणि आज तेच बरे दिसते.

कागद आणि माणसे

हा भाग कंटाळवाणा असला तरी थोडक्यात उरकता येतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात २०२० च्या डिसेंबरपासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. भारवाही भिंतीत फेरबदल करायचा असल्यास परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा करून घ्यावा आणि नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात आधी विचारणा करावी. पायऱ्या सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेत, किती पुढे येतात, हा प्रश्न तिथे हमखास निघतो. दार शेजाऱ्याच्या अंगणाकडे उघडणार असेल तर कायदा काही म्हणो, शेजाऱ्याला आधी सांगून ठेवावे. जुन्या घराच्या मिळकत पत्रिकेवर अनेकदा चुलत्यांची आणि आत्यांची नावे लागलेली असतात. त्यांच्या संमतीवाचून भिंतीला हात लावला तर गवंड्याच्या पहारीपेक्षा नात्यातले भांडण महाग पडते.

मापे ठरवणे

दोन झडपांच्या दाराला प्रत्येक झडप सव्वादोन ते अडीच फुटांची चांगली. त्यापेक्षा अरुंद झडप एकटी उघडून आत-बाहेर करता येत नाही, आणि फार रुंद झडप स्वतःच्या वजनाने खाली उतरते. बे विंडोच्या मागची भिंतीतली उघडी जागा सहसा सहा ते आठ फूट असते. त्यात पाच फुटांचे दार बसवून उरलेली जागा दोन्ही बाजूंना विटांनी भरून घ्यावी, किंवा उजेड हवा असेल तर एका फुटाची न उघडणारी काच बसवावी. माझे मत विटांच्या बाजूने आहे, कारण नव्या विटांचा खांब जुन्या लिंटेललाच खालून आधार देतो आणि त्याचा अधांतरी भाग तेवढा कमी होतो.

उंची मोजताना सध्याच्या फरशीपासून लिंटेलच्या तळापर्यंत मोजावे. फरशी बदलायची असेल तर तिची जाडी आधीच वजा करावी. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे तयार झडपा खालून कापाव्या लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. जुन्या खिडकीचा माथा फरशीपासून सात फुटांवर असेल तर चौकटीचा वरचा दांडा आणि उंबरा वजा जाता झडप साधारण साडेसहा फूट मिळते, तेवढी पुरते. मोजमाप तीन ठिकाणी घ्यावे, कारण जुनी भिंत ओळंब्यात नसते आणि जुनी फरशी पाणसळीत नसते.

हंगाम

हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपूर्वी संपवावे. त्या काळात हवा कोरडी असते, लाकूड स्थिर असते आणि उघड्या भिंतीवर ताडपत्री टाकून रात्र काढता येते. मे महिन्यात सुरू केलेले काम वळवाच्या पावसात सापडते. गवंडी कितीही म्हणाला, “आठ दिवसांत मोकळे करतो,” तरी भिंत फोडल्यापासून झडपा लागेपर्यंत महिना जातो, असे धरूनच घरातली व्यवस्था लावावी.

टेकू आणि लिंटेल

लिंटेल सुस्थितीत असेल आणि त्याला हात लावायचा नसेल, तरीही काम चालू असताना त्याच्या तळाशी दोन लोखंडी जॅक उभे करावेत. जॅकच्या खाली जाड फळी टाकावी, म्हणजे भार एका फरशीवर न पडता पसरतो. बे विंडोच्या पाखीची कौले आणि रिपा सर्वांत आधी उतरवून तिचे ओझे कमी करावे.

लिंटेल बदलायचेच असेल तर पद्धत वेगळी आहे, आणि ती अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावी. विटांच्या चांगल्या भिंतीत लिंटेलच्या वर एकमेकांपासून सुमारे तीन-तीन फुटांवर भोके पाडून त्यांतून आडवे लोखंडी बार किंवा जाड लाकडी ओंडके आरपार घालतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना, घरात आणि बाहेर, जॅक लावतात. मातीच्या जोडकामात मात्र अशी भोके पाडली की सांध्यातली माती झरू लागते आणि आडव्या बारच्या मधला भाग निसटून खाली येतो. तिथे भिंतीऐवजी छपराच्या तुळईलाच थेट खालून धिरा द्यावा, म्हणजे भिंतीवर फक्त तिचे स्वतःचे वजन उरते.

भिंत दीड फूट जाड असल्याचा एक फायदा इथे घेता येतो. सगळे लिंटेल एकदम काढायचे नाही. आधी बाहेरच्या अर्ध्या जाडीतले काढून तिथे एक गर्डर बसवायचा, त्याच्या आणि वरच्या विटांच्या मधली फट अगदी कमी पाण्याच्या, मुठीत दाबली तर गोळा होईल अशा सिमेंट-वाळूने ठोकून भरायची, दोन-तीन दिवस थांबायचे आणि मगच आतल्या अर्ध्या जाडीत दुसरा गर्डर घालायचा. गर्डर टेकतो त्या जागी मऊ विटा किंवा भेंडे असतील तर तिथे काँक्रीटचा किंवा घडीव दगडाचा ठोकळा बसवावा, नाहीतर टोके भिंतीत रुततात. गर्डरला लाल ऑक्साइडचे दोन हात आधी द्यावेत. जागेवर काँक्रीटचे लिंटेल ओतणार असाल तर त्याखालचा आधार किमान १४ दिवस काढू नये, आणि तितके दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे.

खिडकी काढणे

बाहेर आलेला भाग पाडताना वरून खाली यावे: आधी झडपा, मग गज, मग चौकट, मग कट्टा, आणि शेवटी पाटलीखालची भिंत. पाटलीखालच्या भिंतीत विजेची जुनी तार, बाहेरून नळाची पाइप किंवा शेजारी सांडपाण्याचे चेंबर नाही ना, हे बघून मगच छन्नी लावावी. मेन स्विच बंद ठेवावा. मोठा घण चालवू नये. त्याच्या धक्क्याने शेजारच्या भिंतीतले भेंडे सुटतात आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाचा गिलावा पडतो. छन्नी आणि लहान हातोड्याने एकेक थर उतरवणारा गवंडी सावकाश दिसतो, पण शेवटी तोच स्वस्त पडतो.

निघालेले सागवान भंगारवाल्याला लगेच देऊ नये. आमच्या खिडकीची चौकट वरून काळवंडलेली आणि रंगाच्या पोपड्यांनी भरलेली होती. सुताराने तिच्यावर रंध्याचा पहिला हात मारला तेव्हा आतून मधासारखा रंग आणि तेलकट वास निघाला. तिच्यातून नव्या चौकटीचे दोन्ही उभे दांडे निघाले. लाकडाच्या वखारीत तेवढे मुरलेले सागवान शोधायला गेलो असतो तर आठवडा गेला असता. लाकडात खिळे राहिलेले नाहीत ना, हे मात्र सुताराकडे देण्याआधी तपासावे, नाहीतर रंध्याचे पाते जाते आणि त्याचे पैसे आपल्याकडून घेतले जातात, जे रास्तच आहे.

बे विंडोचे खालचे दगडी जोते उखडू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. ते भक्कम असेल तर हव्या त्या पातळीला उतरवून दाराबाहेरच्या ओट्याचा पाया म्हणून वापरता येते. आमच्याकडे तसेच केले, आणि पुढे फक्त फूटभर वाढवावे लागले.

नव्या विटांचे बाजूखांब जुन्या भिंतीला चिकटवून चालत नाही. दर चौथ्या-पाचव्या थराला जुन्या भिंतीत खाच घेऊन नवी वीट त्यात अडकवावी, ज्याला दात देणे म्हणतात. सांधा सिमेंट, चुना आणि वाळू यांच्या १:१:६ मिश्रणाचा असावा. जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर नुसत्या सिमेंटचा टणक गिलावा चढवला तर भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि काही वर्षांत गिलाव्यासकट विटेचे पापुद्रे सुटतात.

उंबरा आणि पाणी

आता माझी चूक. घरात आई होती, तिला ठेच लागू नये म्हणून मी गवंड्याला सांगितले की फरशी, उंबरा आणि बाहेरचा ओटा एका पातळीत घ्या. त्यानेही हौसेने तसे केले, आणि फेब्रुवारीत ते फार देखणे दिसत होते. दार पश्चिमेकडे होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात यवतेश्वराच्या बाजूने वाऱ्यासह पाऊस आला, तेव्हा ओट्यावर आपटलेले पाणी झडपांच्या खालून रात्रभर आत येत राहिले. सकाळी दिवाणाखालची सतरंजी उचलली तर ती ओल्या पोत्याइतकी जड झाली होती आणि दिवाणाचे दोन पाय फुगले होते. पुढच्या उन्हाळ्यात उंबऱ्याचा दगड उखडून सगळे काम पुन्हा केले. गवंड्याचा दोष होताच, पण सांगणारा मीच होतो.

दुसऱ्या वेळी जे केले ते असे. बाहेरचा ओटा आतल्या फरशीपेक्षा तीन इंच खाली घेतला आणि त्याला घरापासून दूर जाणारा ढाळ दिला. ढाळ दर फुटाला पाव इंच, म्हणजे तीन फुटांच्या ओट्याला पाऊण इंच पुरतो. लेव्हल पाइप लावूनच तो तपासावा, नजरेने नाही. उंबरा काळ्या दगडाचा अखंड घेतला, दोन तुकड्यांचा नाही, कारण सांधा शेवटी झिरपतोच. हा दगड फरशीच्या एक इंच वर राहतो. आतल्या बाजूने त्याची कड तिरकी घासून घेतल्यामुळे आईच्या पायाला तो अडला नाही. झडप जिथे टेकते त्याच्या बाहेर दगडाला बाहेरच्या दिशेने उतार आहे, आणि दगड भिंतीच्या दोन इंच पुढे आणून त्याच्या पुढे आलेल्या भागाला खालून अर्ध्या इंचाची खाच मारली आहे. ही खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला धरून मागे सरकते आणि जोत्यात मुरते. खाच असली की ते तिथे थेंब होऊन खाली पडते. दगड बसवण्याआधी त्याच्या खाली वॉटरप्रूफिंगचा थर देऊन तो दोन्ही बाजूंना भिंतीवर सहा-सहा इंच चढवला.

झडपेच्या तळाच्या आडव्या दांड्यावर बाहेरून एक तिरकी लाकडी पट्टी मारून घ्यावी. काचेवरून ओघळणारे पाणी ती उंबऱ्याच्या पलीकडे टाकते. सुतार ही पट्टी शोभेची समजून टाळतात, म्हणून ती आधीच चिठ्ठीत लिहून द्यावी.

बे विंडो गेली की तिची पाखीही जाते आणि दार उघड्यावर येते, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. पश्चिम किंवा नैर्ऋत्य दिशेच्या दारावर किमान अडीच-तीन फुटांचे छत हवे. मात्र जुन्या भिंतीतून काँक्रीटचा छज्जा बाहेर काढू नये. छज्जा मागे धरून ठेवायला त्याच्या वर पुरेसे ओझे लागते, आणि दगड-मातीच्या भिंतीत तो मुळापासून उचकटतो. त्याऐवजी ओट्याच्या पुढच्या कडेला दोन लाकडी किंवा लोखंडी खांब उभे करून त्यावर कौलांची पाखी घ्यावी. खांब नकोच असतील तर लोखंडी ब्रॅकेट भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून सहा इंची प्लेटवर कसावेत. साधे फास्टनर जुन्या भिंतीत धरत नाहीत. पाखी भिंतीला मिळते त्या रेषेत इंचभर खोल खाच घेऊन पत्र्याची पट्टी त्यात खोचावी आणि वरून सांधा बंद करावा. नुसते सिलिकॉन मारून भागत नाही, दोन उन्हाळ्यांत ते सुटते.

चौकट, झडपा आणि काच

चौकट पाच बाय तीन इंचांची असावी. तिची भिंतीला लागणारी बाजू आणि तळ यांना वाळवीचे औषध आणि वर डांबराचा हात द्यावा. दोन्ही उभ्या दांड्यांना तीन-तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, हव्यात आणि त्या नव्या विटांच्या खांबात काँक्रीटच्या गठ्ठ्यात बसवाव्यात. चौकट उभी केल्यावर ओळंबा दोन दिशांनी लावावा, आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. एका कर्णात पाव इंच फरक पडला तरी दोन झडपा मध्यभागी मिळताना वर-खाली दिसतात, आणि तो दोष नंतर रंध्याने जात नाही.

झडपा बाहेर उघडाव्यात की आत, यावर घरोघरी वाद होतो. पावसाच्या दृष्टीने बाहेर उघडणाऱ्या झडपा बऱ्या, कारण वारा त्यांना चौकटीच्या खाचेवर अधिक दाबून धरतो. पण मग त्या उघड्या असताना अडकवायला भिंतीला भक्कम हूक हवेत, आणि ओटा निदान तीन फूट रुंद हवा, म्हणजे झडप उघडताना माणसाला पायरीवर मागे सरकावे लागणार नाही. बिजागरीची पिन बाहेरून ठोकून काढता येणार नाही अशी निवडावी. डासांच्या जाळीच्या झडपा आतल्या बाजूने येतात. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत माकडांचा वावर असतो, तिथे नुसत्या जाळीवर दार उघडे ठेवून दुपारी झोपू नये.

काच टफन्ड असावी, पाच मिलिमीटरची पुरते. ती एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून झडपेचा सांगाडा पूर्ण जुळल्यावरच त्याचे माप काचवाल्याला द्यावे आणि चारही बाजूंना तीन मिलिमीटर कमी सांगावे. पाच मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. सागवानासह एक झडप तीस किलोंच्या पुढे सहज जाते, म्हणून प्रत्येक झडपेला चार इंची चार बिजागऱ्या द्याव्यात. तीनवर भागवले तर वरची बिजागरी हळूहळू ढिली होते. काचेच्या दारावर रात्रीचा भरवसा वाटत नसेल तर आतून सरकते ग्रील घ्यावे. पण त्याची खालची पट्टी उंबऱ्याच्या दगडात खाच घेऊन बसवू नये, नाहीतर पाण्याला आत येण्याची वाट आपणच करून देतो.

पायऱ्या

जोते दीड फूट उंच असेल तर ओट्यापासून खाली सहा इंचांच्या दोन पायऱ्या पुरतात. पायरीची रुंदी फूटभर ठेवावी. साताऱ्यात मुरूम लवकर लागतो, त्यामुळे पायऱ्यांचा पाया फार खोल न्यावा लागत नाही. सांगली-मिरजेकडच्या काळ्या जमिनीत मात्र पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवर बांधलेल्या पायऱ्या घरापासून फाकतात. तिथे काळी माती दोन-तीन फूट काढून मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून ठोकावा आणि पायऱ्यांचे बांधकाम घराच्या भिंतीत न गुंतवता मध्ये अर्ध्या इंचाची फट सोडून ती डांबराने भरावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या घरांत कृष्णेचे पाणी शिरले होते, तिथे लाकडी चौकटीऐवजी ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकचा विचार करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पहिला पावसाळा

झडपा लागल्यावर रंग किंवा पॉलिश करण्याआधी बाहेरून बागेच्या नळीने दारावर दहा मिनिटे पाणी मारून आत कुठे ओल येते ते खडूने खुणावावे. पॉलिश झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडांनाही झाले पाहिजे. त्या कडा दिसत नाहीत म्हणून कोरड्या सोडल्या जातात, आणि पाणी पहिल्यांदा तिथूनच लाकडात शिरते.

हिवाळ्यात बसवलेली झडप चौकटीत घट्ट नसावी. दोन झडपांमध्ये आणि चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवायला सुताराला सांगावे. एवढे करूनही आषाढात दार घासू लागेल, लॅच लागायला त्रास होईल आणि सुताराला बोलावून कड तासून घ्यावी असे सगळेच सुचवतील. त्या वेळी तासू नये. बिजागऱ्यांचे स्क्रू तेवढे कसून घ्यावेत, कडेला मेणबत्ती घासावी आणि दसऱ्यापर्यंत थांबावे. तोवर लाकडातली ओल उतरते आणि झडप बहुधा आपोआप मोकळी होते. जुलैत तासलेल्या झडपेत जानेवारीला बोटभर फट दिसते, आणि त्या फटीतून विंचूसुद्धा आत येतो.